फोन बुडाला तरी खाती बुडू नयेत: टू-फॅक्टर लावण्याची नीट पद्धत

टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर दुसरा पुरावा मागणारं कुलूप, कसं सुरू करायचं हे सांगणारे लेख पैशाला पासरी मिळतात. सेटिंग्जमध्ये जा, सिक्युरिटी उघडा, क्यूआर कोड स्कॅन करा, झालं. फोन हातातून गेल्यावर काय करायचं, याबद्दल त्याच लेखांच्या तळाशी एक ओळ असते: ‘बॅकअप कोड सुरक्षित ठिकाणी ठेवा.’ बॅकअप कोड म्हणजे फोन नसताना आत शिरण्यासाठी सेवेने आधीच दिलेले राखीव कोड. पण सुरक्षित ठिकाण म्हणजे नेमकं कुठलं, हे कुणी सांगत नाही. लोकांची खाती सुरक्षित करून देणं हा माझ्या सल्लागारीचा एक भाग आहे. हॅकरने खातं पळवलं म्हणून आलेल्यांपेक्षा स्वतःच लावलेल्या कुलपाबाहेर अडकलेली माणसंच मला जास्त भेटली आहेत. एकदा मीही तसा अडकलो होतो. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्या एका ओळीला दिली आहे.

आधी एवढं उरकून घ्या

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद साठवणारं ॲप, नसेल तर घ्या. बिटवर्डन, वनपासवर्ड, कीपास, कुठलाही चालेल. तुलना करण्यात आठवडा घालवू नका. तो मॅनेजर उघडणाऱ्या मास्टर पासवर्डसाठी डाइसवेअर पद्धतीने, म्हणजे फासे टाकून, सहा शब्द निवडा. एका शब्दाला पाच फासे लागतात आणि यादीत ७,७७६ शब्द असतात. शब्द फाशांनीच निवडायचे, मनाने नाही. एकदा निवडले की दर तीन महिन्यांनी बदलत बसू नका. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नये, असं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. तरी कित्येक कार्यालयांत ती सक्ती चालूच आहे.

एसएमएसवर थांबू नका

काहीच नसण्यापेक्षा एसएमएसचा ओटीपी बरा, पण मोबाइल नंबर तुमच्या फोनला चिकटलेला नसतो. कंपनीच्या माणसाला फसवून तो दुसऱ्या सिमवर वळवता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या स्वतःच्या खात्यावरून भलतेच ट्विट गेले, ते त्यांचा नंबर दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्यामुळेच. जिथे ऑथेंटिकेटर ॲपची, म्हणजे फोनवरच लॉगिनचे कोड बनवणाऱ्या ॲपची, सोय आहे तिथे ते ॲप वापरा. महत्त्वाच्या खात्यांना शक्य असेल तर हार्डवेअर सिक्युरिटी की, म्हणजे संगणकाला लावायची छोटी किल्ली, लावा. ॲपमधला कोड खोट्या पानावर टाइप करून बसणं शक्य असतं. की मात्र वेबसाइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असल्यामुळे खोट्या पानाला उत्तरच देत नाही. की घेतलीत तर दोन घ्या आणि दोन्हींची नोंदणी त्याच दिवशी करा. एकच की म्हणजे हरवण्याजोगी आणखी एक वस्तू.

क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी थांबा

ऑथेंटिकेटरचे कोड इंटरनेटवरून येतात असा पुष्कळांचा समज असतो. तसं काही नसतं. क्यूआर कोडमध्ये एक गुप्त अक्षरमाला असते. ती तुमच्या फोनकडे आणि त्या सेवेकडे, दोघांकडे राहते. दोघंही ती अक्षरमाला आणि घड्याळातली वेळ एकत्र करून बहुधा दर ३० सेकंदांनी सहा आकड्यांचा कोड स्वतंत्रपणे काढतात आणि ते जुळले की दार उघडतं. २०११ साली ही पद्धत आरएफसी ६२३८ या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. म्हणूनच फोन विमान मोडवर असतानाही कोड मिळतात, आणि फोनचं घड्याळ चुकलं की बरोबर दिसणारे कोड नाकारले जातात. तसं झालं तर खातं तोडून पुन्हा जोडण्याआधी फोनची वेळ ऑटोमॅटिक करून बघा.

यातून कामाची गोष्ट निघते ती अशी. अक्षरमाला ज्याच्याकडे, त्याला कोड मिळणार. तोच क्यूआर दोन उपकरणांवर स्कॅन केला तर दोन्हींवर एकच कोड दिसतो. तेव्हा घरात जुना टॅब किंवा बाजूला पडलेला फोन असेल तर त्यावरही त्याच वेळी स्कॅन करा. आणि क्यूआरच्या खाली ‘स्कॅन करता येत नाही?’ अशा अर्थाचा दुवा असतो, तो दाबा. अक्षरमाला मजकुरात दिसेल. ती कागदावर उतरवा, चार-चार अक्षरांचे गट पाडून. तीत इंग्रजी ए ते झेड आणि २ ते ७ एवढीच चिन्हं येतात. शून्य आणि एक येतच नाहीत, त्यामुळे शून्य की ओ, एक की आय हा घोळ होत नाही. २ आणि झेड, ५ आणि एस मात्र ठळक वेगळे काढा. मी झेडच्या पोटात आडवी रेघ मारतो.

क्यूआरचा स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवू नका. गॅलरी क्लाउडवर जाते आणि क्लाउड त्याच फोनच्या खात्यावर चालतो.

टू-फॅक्टर आधीच लावून झालं असेल तर दुसऱ्या एका उपकरणावर लॉगिन राहून ते बंद करा आणि नव्याने लावा. नवी अक्षरमाला मिळेल, जुनी बाद होईल.

गोल शोधा

खरी मेख इथे आहे.

काही वर्षांपूर्वी माझा फोन पाण्यात पडला तो पुन्हा चालू झाला नाही. नवा फोन आणला. मास्टर पासवर्ड पाठ होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पासवर्ड मॅनेजरने कोड मागितला. कोडचं ॲप बुडालेल्या फोनमध्ये. बॅकअप कोड मी शिस्तीत जपले होते, पण त्याच मॅनेजरमधल्या एका नोंदीत. ईमेलवरून काही जमेल म्हणून तिकडे वळलो. माझा ईमेल माझ्याच डोमेनवर, म्हणजे स्वतः विकत घेतलेल्या इंटरनेट नावावर होता, एका साइड प्रोजेक्टसाठी घेतलेल्या. आणि त्याचा पासवर्ड मॅनेजरमध्ये. ईमेल सेवेचं म्हणणं, डोमेन तुमचंच आहे हे दाखवण्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचा ईमेल आणि वेबसाइट कुठे आहे हे सांगणाऱ्या नोंदवहीत, आम्ही सांगू ती नोंद टाका. डीएनएस बदलायला रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, खात्यात जायला हवं. तिथे ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की दुवा जाणार त्याच ईमेलवर, जो मला उघडता येत नव्हता.

चौथ्या दिवशी कपाटातला जुना लॅपटॉप आठवला. त्यावर मॅनेजर कधीकाळी लॉगिन केलेला होता. वायफाय बंद ठेवूनच तो लॅपटॉप सुरू केला, सर्व्हरशी गाठ पडून बाहेर काढला जाऊ नये म्हणून. मास्टर पासवर्ड टाकला, आत साठवलेली प्रत उघडली आणि बॅकअप कोड हाताने कागदावर लिहून घेतले. तो लॅपटॉप आदल्या महिन्यात रद्दीत द्यायचा होता.

एकही पासवर्ड कमकुवत नव्हता. प्रत्येक खातं आपापल्या जागी चोख होतं. पण प्रत्येकाची किल्ली दुसऱ्याच्या पोटात होती आणि शेवटच्याची पहिल्याच्या. याला मी गोल म्हणतो, आणि हा गोल सेटिंग्जच्या कुठल्याही पानावर दिसत नाही. तो कागदावर काढावा लागतो.

एक कोरा कागद घ्या. त्यावर फक्त मुळाची खाती लिहा: ईमेल, पासवर्ड मॅनेजर, फोनचं स्वतःचं खाते म्हणजे गूगल किंवा ॲपल, आणि स्वतःचं डोमेन असेल तर रजिस्ट्रार. बाकी सगळी खाती यांच्यावरच लटकलेली असतात, त्यांना आज हात लावू नका. प्रत्येकापुढे लिहा, आत शिरायला काय लागतं आणि ती वस्तू कुठे आहे. जिथे आहे तिकडे बाण काढा. ईमेलचा पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे बाण मॅनेजरकडे. मॅनेजरचा कोड फोनमध्ये, बाण फोनकडे. मग फोनवर काट मारा. सिमवरही मारा, कारण नवं सिम सुरू होईपर्यंत एसएमएस येणार नाही. आता प्रत्येक खात्यापासून बाणांवर बोट ठेवून चाला. बोट काट मारलेल्या वस्तूपाशी थांबलं किंवा निघालं तिथेच परत आलं, तर त्या खात्यात तुम्हाला शिरता येणार नाही.

इलाज एकच आहे. प्रत्येक मूळ खात्याचा किमान एक बाण अशा वस्तूवर संपला पाहिजे, जिला ना फोन लागतो ना दुसरं कुठलं लॉगिन. कागद चालेल, दुसरी सिक्युरिटी की चालेल, तुमची स्मरणशक्ती एकटी चालणार नाही.

माझ्या पाहण्यात वारंवार येणारे गोल सांगतो. बॅकअप कोड क्लाउड ड्राइव्हवर, आणि ड्राइव्हच्या लॉगिनला तेच कोड हवेत. दोन ईमेल एकमेकांचे रिकव्हरी पत्ते. कोडचा फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवलेला. मॅनेजरचा स्वतःचा ऑथेंटिकेटर कोड मॅनेजरच्याच आत ठेवलेला. किरकोळ खात्यांचे कोड तिथे ठेवायला माझी हरकत नाही, पण मुळाच्या खात्यांचे कधीच नाही. आणि ‘ॲपचा क्लाउड बॅकअप असतोच की’ हा भरवसा. गूगल ऑथेंटिकेटर २०१० मध्ये आलं आणि त्यात क्लाउड सिंक, म्हणजे कोडची प्रत आपोआप क्लाउडवर ठेवायची सोय, आली ती एप्रिल २०२३ मध्ये. आता ती आहे, पण सिंक उघडायला गूगलचं खातं लागतं, म्हणजे बाण पुन्हा गूगलकडेच.

डोमेनवाल्यांसाठी वेगळी सूचना, आणि ही कळकळीने देतो आहे. रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल कधीही देऊ नका. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर, आणि नूतनीकरण झालं नाही तर संपल्यावर पाच दिवसांच्या आत, अशा सूचना पाठवणं डोमेन-व्यवस्था सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमांनुसार रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. पण मुदत संपल्यावर डोमेनचा डीएनएस तोडला जातो आणि त्यावरचा ईमेलही बंद पडतो. शेवटची सूचना नेमकी त्या बंद पेटीत जाऊ शकते. पुढे ज्याने ते डोमेन विकत घेतलं, त्याला तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारे पासवर्ड रीसेटचे दुवेही मिळू शकतात. स्वतंत्र, मोठ्या सेवेवरचा पत्ता द्या आणि ऑटो-रिन्यू चालू ठेवा.

कागद

गूगल आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, प्रोग्रामरांची गिटहब ही सेवा सोळा कोड देते. एक कोड एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना संपूर्ण बाद होतो. हे न कळल्यामुळे बाद झालेला कागद जिवापाड जपणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून प्रत्येक संचावर तारीख घाला.

मुळाच्या खात्यांचे बॅकअप कोड, उतरवलेल्या अक्षरमाला आणि मास्टर पासवर्डसुद्धा कागदावर लिहा. मास्टर पासवर्ड लिहून ठेवायचा म्हटलं की लोक दचकतात. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात जपायचा सल्ला २००५ मध्येच दिला होता. तुमच्या खात्यांवर डल्ला मारायला बसलेला भामटा दुसऱ्या टोकाला संगणकासमोर आहे. तो तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. फक्त मास्टर पासवर्ड आणि कोड एका पाकिटात ठेवू नका. दोन पाकिटं, दोन जागा. सगळ्याची एक प्रत दुसऱ्या घरी, विश्वासाच्या माणसाकडे अशाच वेगवेगळ्या बंद पाकिटांत द्या, कारण आग आणि पाणी कपाट बघून येत नाहीत.

बॉलपेनने लिहा. पावतीसारख्या थर्मल कागदावर छापू नका. अक्षरं हळूहळू उडतात आणि गरज पडेल तेव्हा हातात पांढरी पट्टी उरते.

तालीम

ही पायरी गाळलीत तर वरचं सगळं अंदाजावर उभं आहे. सुटीच्या सकाळी तासभर काढा. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. रोजच्या संगणकावर ब्राउझरची खासगी विंडो उघडा, म्हणजे जुनी लॉगिन आड येणार नाहीत. रोजच्या विंडोतून मात्र लॉगआउट होऊ नका, काही बिनसलं तर परतीची वाट तीच आहे. आता फक्त कागद घेऊन मुळाच्या प्रत्येक खात्यात शिरून दाखवा.

पहिल्या तालमीत बहुतेक सगळे कुठेतरी अडकतात. मी लावून दिलेल्या एका घरात मास्टर पासवर्डमधल्या दोन शब्दांमधली मोकळी जागा लिहायची राहिली होती. दुसरीकडे कोड बरोबर होते, पण ते कुठल्या ईमेलचे हे लिहिलेलं नव्हतं आणि ईमेल होते तीन. सिक्युरिटी की असेल तर ती संगणकाच्या पोर्टमध्ये बसते का, हेही आत्ताच बघा. वापरलेला कोड कागदावर खोडा.

तालीम पार पडली की मगच मुळाच्या खात्यांमधून एसएमएसचा पर्याय काढून टाका. आधी काढू नका.

बाकीची खाती

एका बैठकीत सगळी संपवायचा अट्टहास नको. ज्या खात्यात लॉगिन कराल त्याचं टू-फॅक्टर त्याच दिवशी लावा, त्याचे बॅकअप कोड मॅनेजरमध्ये टाका. मुळं पक्की असल्यामुळे इथे ते चालतं. ‘तुमची पहिली शाळा कोणती’ छापाच्या प्रश्नांना मॅनेजरने बनवलेली निरर्थक उत्तरं द्या आणि तीही तिथेच साठवा.

नवा फोन घेताना

नवा फोन हातात आल्याच्या आनंदात लोक जुना त्याच संध्याकाळी पुसून देऊन टाकतात, आणि ऑथेंटिकेटर रिकामं आल्याचं त्यांना नंतर कळतं. जुना फोन निदान पंधरा दिवस ठेवा. नव्या फोनवर ॲप लावा, मुळाच्या प्रत्येक खात्याचा कोड दोन्ही फोनवर एकाच वेळी बघा, आकडे जुळले की त्या खात्यापुढे कागदावर खूण करा. मग जुना फोन बंद करून वरची तालीम पुन्हा एकदा करा. सगळ्या खुणा झाल्या की मगच फॅक्टरी रीसेट दाबा.