पहिली ट्रायथलॉन करताय? या चुका टाळा, जोड सांभाळा

बेळगावच्या उद्यमबागेत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. गेट, ग्रिल, ट्रॉलीच्या चौकटी असली कामं. दुरुस्तीला परत आलेला माल बघितला की पाइप धड असतो, पत्रा धड असतो. सुटलेला असतो तो जोड. माझी पहिली ट्रायथलॉन (आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एका दमात) झाली त्या दिवशी मीही असाच सुटत सुटत शेवटाला पोचलो. पोहता येत होतं, सायकल बऱ्यापैकी येत होती, व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली रोज पाच किलोमीटर पळत होतो. तरी मागून चौथा आलो. पुढे ओळखीच्या पाच-सहा नवख्यांना तयारी करताना बघितलं, तेव्हा कळलं की सगळे त्याच त्याच ठिकाणी अडकतात.

आधी अंतराचं बोलतो. स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर पळणं. ऑलिंपिक अंतर याच्या दुप्पट. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि तिथे 2019 पासून आयर्नमॅन 70.3 ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होते, म्हणून आपल्याकडच्या पोरांना थेट तिथेच उडी मारायची खुमखुमी असते. ते अंतर 1.9, 90 आणि 21.1 किलोमीटर. हौस चांगली आहे, पण जोड कुठे कच्चा आहे ते 20 किलोमीटरच्या सायकलीत स्वस्तात कळतं. तेच नव्वदाव्या किलोमीटरला कळलं तर महागात पडतं.

विहिरीतला पोहणारा तलावात

आपल्या भागात निम्मे लोक विहिरीत शिकलेले. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, आणि पायरीवर उभ्या काकांनी मागून ढकलायचं. याचा एक मोठा फायदा आहे: खोल पाण्याची भीती जाते, जी शहरातल्या टँकमध्ये शिकलेल्यांना हमखास असते. पण विहिरीत आपण दहा हात मारतो आणि पायरी धरतो. डोकं कायम पाण्याबाहेर. टँकमध्ये दर 25 मीटरला भिंत, तिथे एक दम खायचा, पायाने ढकललं की दोन-तीन मीटर फुकट. 750 मीटर म्हणजे अशा तीस फेऱ्या. तलावात भिंत नाही, पायरी नाही, तळ दिसत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. भोंगा वाजला आणि मी सगळ्यांबरोबर पुढच्या रांगेतून घुसलो. शंभर मीटरच्या आत कुणाची तरी टाच गॉगलवर बसली, एका डोळ्यात पाणी, आणि छातीत दम कोंडला. मला वाटलं हवा कमी पडतेय. खरं म्हणजे मी हवा सोडतच नव्हतो. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो, आतली शिळी हवा बाहेर गेल्याशिवाय नवी जाणार कुठून? उपाय टँकमध्येच घोटायचा: तोंड पाण्यात असताना नाका-तोंडातून सतत बुडबुडे सोडायचे, मान वळवली की फक्त आत घ्यायचं. एवढं बसलं तर बाकीचं निम्मं पोहणं आपोआप बसतं.

तरीही दम कोंडलाच तर उताणे व्हा. तरंगा, आभाळाकडे बघा, चार-पाच लांब श्वास सोडा. नियमात कुठलाही स्ट्रोक चालतो, ब्रेस्टस्ट्रोक करत गेलात तरी कुणी बाद करत नाही. बॉय (वाट दाखवायला पाण्यावर सोडलेला तरंगता फुगा) किंवा थांबलेली होडी धरून विसावाही घेता येतो. फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. फारच झालं तर हात वर करा आणि हाक मारा. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर त्या दिवशीचा माझा निम्मा घाम वाचला असता. आणि सुरुवात मागून करा, नाहीतर कडेने. नवख्याला पुढच्या रांगेत लाथांशिवाय काही मिळत नाही.

दुसरा घोळ दिशेचा. मी 750 मीटर पोहलो असं कागदावर आहे, प्रत्यक्षात नऊशेच्या खाली नसेन. दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढायचे आणि परत घालायचे. अख्खं डोकं काढलं की पाय बुडतात. बॉय लहान असतो, लाटेआड जातो. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी त्याच्या मागचं झाड, पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस हेरून ठेवा.

सराव कुठे? टँकमध्ये महिने, तलावात निदान चार-पाच वेळा. राकसकोप जलाशय म्हणजे शहराचं पिण्याचं पाणी, तो विचार डोक्यातूनच काढा. पावसाळ्यात मार्कंडेय, मलप्रभा लाल झालेली असते, तिथे फुशारकी नको. तलावात एकट्याने कधीच जायचं नाही, कमरेला दोरीने बांधायचा रंगीत फुगा मिळतो तो लावून, काठावर एक शहाणा माणूस ठेवून जायचं. गावाकडच्या मित्राची विहीर मात्र एका कामाला उत्तम: काहीही न धरता दहा मिनिटं नुसतं तरंगत राहायला.

पहिला जोड: पाण्यातून सायकलीवर

आडवं पोहून एकदम उभं राहिलं की गरगरतं. पंधरा-वीस पावलं चाला, मग पळा. सायकली टांगून ठेवलेल्या आवारात मी धावत आलो आणि माझी सायकलच सापडेना. सकाळी 'त्या निळ्या सायकलीच्या शेजारी' अशी खूण मनात धरली होती. निळी सायकल माझ्या आधीच निघून गेली होती. खूण हलणारी नको. आत शिरल्यावर कितवी रांग, कुठल्या खांबासमोर, हे सकाळी दोनदा चालत मोजून ठेवा.

नियमाचं एक सोपं आणि लोक हमखास विसरतात असं: हेल्मेट डोक्यावर, पट्टा लावलेला, आणि मगच सायकलीला हात. परत येतानाही उलट क्रम, सायकल टांगल्यावरच पट्टा सोडायचा. माउंट लाइन, म्हणजे आवाराबाहेर आखलेली चढायची रेघ, ओलांडल्याशिवाय सायकलीवर बसायचं नाही. माझ्या पुढचा एक जण उत्साहात आधीच चढला, पंचांनी थांबवला, तिथेच त्याचा मिनिटभर गेला. ओल्या पायावर मोजा चढत नाही. आत टाल्कम पावडर टाका आणि सरळ खाली बसून घाला. उभ्या उभ्या एका पायावर नाचणाऱ्यांपेक्षा बसणारा लवकर निघतो. ट्रायसूट (तिन्हीसाठी चालणारा एकच घट्ट पोशाख) घ्यायचाच असं नाही, पण पोहताना घातलेल्या कपड्यांवरच सायकल आणि पळणं होईल असं काहीतरी ठरवा. कपडे बदलत बसलात तर वेळ तर जातोच, शिवाय उघड्यावर कपडे उतरवणं नियमात बसत नाही.

सायकल

इथे आपली मंडळी गुर्मीत असतात, कारण रविवारी हायवेने निपाणीच्या दिशेने घोळक्यात तीसच्या वेगाने जायची सवय असते. त्या वेगातला बराचसा वाटा पुढच्याच्या पाठीमागे मिळणाऱ्या वाऱ्याच्या आडोशाचा. हौशी लोकांच्या बहुतेक स्पर्धांत तो आडोसा घ्यायला बंदी आहे. पुढच्या सायकलीपासून दहा-बारा मीटर सोडायचे, नेमका आकडा स्पर्धेच्या सूचनांत असतो. म्हणून आठवड्यातून एकदा एकट्याने चालवा, खानापूर रस्त्याला किंवा सांब्र्याच्या बाजूला. खरा वेग तेव्हा कळतो, आणि थोडा अपमानही होतो.

पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. बाहेरच्याची मदत घेतली तर बाद होऊ शकता. रोड सायकलच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, गावातल्या पंक्चरवाल्याच्या नळीला तो बसत नाही. सरावातसुद्धा अडॅप्टर, जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि छोटा पंप जवळ ठेवा. घरी पाच वेळा चाक काढून लावून बघा. मागचं चाक, पुढचं नव्हे.

रोड सायकल नसेल तर अडून बसू नका. पहिल्या स्पर्धेला हायब्रिड चालते. एमटीबी (जाड टायरची माउंटन बाइक) असेल तर गुळगुळीत टायर घाला. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच आहेत ना ते बघा, नसले तर तपासणीत अडवतात.

खरा धोका स्पर्धेत नाही, सरावात आपल्या रस्त्यावर आहे. ऊस सुरू झाला की पहाटे मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. पुढे-मागे दिवा लावा आणि उजाडल्यावरच निघा. मी साडेचारला निघायचो तेव्हा आमचा दूधवाला विचारायचा, "कुठं जाऊलास रे एवढ्या अंधारात?" त्याचा प्रश्न बरोबर होता.

दुसरा जोड: सायकलीवरून पायावर

उतरलात की पाय तुमचे नसतात. लाकडाचे दोन ओंडके कुणीतरी बांधलेत असं वाटतं. सायकलीवर मांडीचे स्नायू एका ठराविक चालीत गोल फिरलेले असतात, पळण्याची चाल त्यांना लगेच आठवत नाही. यावर दुसरं औषध नाही, सायकलनंतर लगेच पळायचं. याला ब्रिक म्हणतात. आठवड्यातून एकदा सायकल दारात लावायची आणि पाणीसुद्धा न पिता दहा मिनिटं पळून यायचं. दीड-दोन महिन्यांत ओंडक्यांचे परत पाय होतात. मी हे एकदाही केलं नव्हतं. रोज पळायचो ना! पण ताज्या पायांनी.

स्पर्धेत शेवटचा दीड किलोमीटर हलक्या गिअरवर भराभर फिरवा, पळताना पावलं लहान टाका, आणि पहिला किलोमीटर लाज वाटेल इतका सावकाश जाऊ द्या. बुटांना लवचिक नाडी लावली तर थरथरत्या बोटांनी गाठी मारत बसावं लागत नाही. नंबरचा पट्टा सायकलीवर मागे, पळताना पुढे.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवरचं, गार. किनाऱ्यावर घाम वाळत नाही, आणि जो घाम वाळत नाही तो अंग गार करत नाही. निदान काही दिवस दुपारच्या उन्हात पळा, आणि नुसतं पाणी ढोसू नका, त्यात मीठ-साखर असू द्या.

खाण्यावर फार लिहित नाही. आदल्या रात्री मटण नको, आणि कुणी प्रेमाने कुंद्याचा डबा आणला तर तो परतीच्या प्रवासाला ठेवा. पहाटे अडीच-तीन तास आधी उप्पीट किंवा केळी, जे सरावात पचलंय तेच. तिथल्या स्टॉलवर फुकट वाटलेलं एनर्जी जेल (ताकदीसाठीचा गोड चिकट पाक) मी खाल्लं होतं; पळण्याच्या तिसऱ्या किलोमीटरला त्याचं फळ मिळालं. पस्तिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर फॉर्म भरायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

ब्रीफिंग, म्हणजे स्पर्धेआधीची सूचनांची बैठक, चुकवू नका. ते कन्नडमध्ये असो, इंग्रजीत असो, कळलं नाही तर शेजारच्याला विचारा. वळायचं कुठे आणि फेऱ्या किती, हे तिथेच सांगतात. आणि घोट्याला बांधलेली टायमिंग चिप शेवटी परत द्यायची असते. मी ती तशीच बांधून निपाणीपर्यंत आलो होतो. चहाच्या टपरीवर पाय खाजवला तेव्हा लक्षात आलं, आणि गाडी परत वळवावी लागली.