आडनावातलं गाव नकाशावर कसं शोधाल?

नीरेकाठच्या होळ गावचे होळकर इंदूरला राज्य करू लागले, तरी होळ त्यांच्या नावातून सुटलं नाही. 'कर' लागलेलं आडनाव बहुधा घराणं कुठून निघालं ते सांगतं. एखाद्या वस्तीत लोक कुठून आले हे शोधायचं, तर सुरुवात तिथूनच करावी.

१. यादी करा. जुन्या चाळीचा नामफलकही पुरतो. लग्न होऊन आलेल्या बायकांची माहेरची आडनावंही विचारा, नाहीतर निम्मी माणसं हिशेबातच येत नाहीत.

२. 'कर' बाजूला काढून गाव ओळखा. इथे घाई नको, कारण स्वर बदलतात. आचऱ्याचे आचरेकर, तेंडोलीचे तेंडुलकर, केरीचे केरकर. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनं, ती वगळा. जाधव, शिंदे ही कुळं. गावकर मात्र फसवं आहे: तो गावातला मान, गावाचं नाव नव्हे.

३. गाव पक्कं करा. शिरोडकर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचे, की १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने गाजलेल्या वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याचे? घरातल्या थोरांना विचारा, "देवाला कुठं जाता?" कुलदैवताचं आणि जत्रेचं गाव कळलं की बराच उलगडा होतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, त्याआधीच्या दाखल्यांवर तिथल्या गावांपुढे रत्नागिरीच सापडेल.

४. नकाशावर ठिपके द्या. नेरूरकर, वालावलकर, परुळेकर, खानोलकर मांडून पाहा. सगळी गावं कुडाळ-वेंगुर्ल्याच्या एका पट्ट्यात दाटतात.

५. आडनावावरून जात मात्र ठरवू नका. एकाच गावाचं नाव अनेक जातीधर्मांची माणसं लावतात. पेणकर हिंदू असतात, तसे बेने इस्रायली ज्यूही.

या ज्यूंची आडनावं मला फार मोलाची वाटतात. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नागावकर, चेऊलकर: ठिपके जोडले की जुना कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा उभा राहतो. तेल गाळणारी ही माणसं एकाच पेठेत न राहता गावोगाव विखुरली होती, हे नुसत्या आडनावांवरून दिसतं. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. पेण, अलिबाग, रेवदंड्याला त्यांची प्रार्थनामंदिरं उभी आहेत, आणि किहीम, नागाव ही नावं आता दिमोना-अशदोदच्या दारांवर वाचायला मिळतात.