पाश्चात्य ‘असणं’ आणि चिनी ‘नसणं’ : तुलना करताना या चुका टाळा

ग्रीक तत्त्वज्ञ पार्मेनिडीस म्हणतो जे नाही ते नाहीच, प्राचीन चिनी विचारवंत लाओत्झू म्हणतो सगळं ‘नाही’तूनच आलं, म्हणजे पश्चिम असण्याची आणि चीन नसण्याचा! अशा धाटणीचा निबंध मी इतक्या वेळा वाचलाय की आता राग येतो.

पहिली चूक भाषेची. ग्रीकमध्ये ‘देव आहे’ आणि ‘सॉक्रेटिस माणूस आहे’ दोन्हीकडे एकच क्रियापद चालतं, प्राचीन चिनीत तसं नाही. तिथे ‘यौ’ म्हणजे असणं, जवळ असणं, आणि त्याच्या उलट ‘वू’. ‘हे ते नव्हे’ म्हणायला वेगळाच शब्द, ‘फेइ’. आपल्याला तर हे पटकन कळायला हवं, कारण ‘घरात मीठ नाही’ हा वू आणि ‘हे मीठ नव्हे, साखर आहे’ हा फेइ. मी आजही कुठलंही वाक्य आधी नाही-नव्हे लावून कागदावर लिहून बघते, मगच पुढे जाते.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती महागात पडली. लाओत्झूच्या नावावरच्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथाच्या ४०व्या प्रकरणात आहे की सगळ्या वस्तू यौमधून येतात आणि यौ वूमधून. या एका ओळीवर मी दोन महिने घालवून लेख लिहिला, अभ्यासगटात वाचला, आणि चिनी येणाऱ्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, गुओदियानची प्रत बघितलीत का? १९९३ साली चीनच्या हुबेई प्रांतात गुओदियान इथल्या एका थडग्यात या ग्रंथाच्या बांबूच्या पट्ट्या सापडल्या, इसवी सनापूर्वी ३००च्या आसपासच्या, आणि त्यात ही ओळ आहे पण दुसरा ‘यौ’ नाहीये! म्हणजे वस्तू यौमधून येतात आणि वूमधूनही, दोघं बरोबरीचे. काही अभ्यासक म्हणतात नकलणाऱ्याकडून अक्षर सुटलं असेल, ते असो, पण माझा अख्खा लेख एका अक्षरावर उभा होता आणि ते मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून २, ११ आणि ४० ही प्रकरणं शेजारी शेजारी उघडल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. दुसऱ्यात तर स्पष्ट आहे, यौ आणि वू एकमेकांना जन्म देतात. इंटरनेटवरून एक सुविचार उचलून तुलना करायला बसणाऱ्यांनी निदान एवढे कष्ट घ्यावेत.

लाओत्झू म्हणजे अख्खा चीन नव्हे. ‘ताओ ते चिंग’चा भाष्यकार वांग बी याने तिसऱ्या शतकात वूला सगळ्याचं मूळ ठरवलं, तर त्याच्यानंतरच्या गुओ शियांग या चिनी विचारवंताने म्हटलं वू कशालाच जन्म देऊ शकत नाही, वस्तू आपोआप होतात.

वू म्हणजे बौद्धांची शून्यता (कशालाच स्वतःचं स्वतंत्र अस्तित्व नाही, हा विचार) असंही लिहू नका, ही गल्लत चीनमध्येच झाली होती आणि सेंगचाओ या चिनी बौद्ध भिक्षूने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ती खोडून काढली.

फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र आणि लाओत्झू जोडताना सांभाळा. १९४३च्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या पुस्तकात सार्त्र कॅफेत पिएर या मित्राला शोधतो आणि त्याचं नसणं जाणवतं, कारण तो वाट बघत असतो. ‘ताओ ते चिंग’च्या ११व्या प्रकरणातल्या मडक्याची पोकळी कोणी वाट बघो न बघो, पाणी धरतेच.