मल्टिमीटरच्या लीड: तपासाव्यात कशा, घ्याव्यात कुठल्या, बनवाव्यात कधी

बोर्ड उघडायच्या आधी मेन स्विच पाडला, मल्टिमीटर लावला आणि पडद्यावर शून्य आलं, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर लाइन खरंच बंद आहे, नाहीतर लीडच्या, म्हणजे मीटरला लावायच्या वायरीच्या, आतली तार तुटली आहे. मीटरला यातला फरक कळत नाही. तो दोन्ही वेळा शून्यच दाखवतो. म्हणून मीटर कितीही भारी असला तरी काम सुरू करताना पहिली नजर त्या लाल-काळ्या वायरींकडे जायला हवी.

इंदूरात तर हे फारच मनावर घ्यावं असं आहे. गणपतीतल्या मंडपांची रोषणाई आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची सगळी वायरिंग ऐन पावसाळ्यात होते. घरोघरी हौदातलं पाणी वर चढवणारी मोटर ओल्या जागेतच बसवलेली असते. अशा ठिकाणी खोट्या शून्यावर विश्वास ठेवून हात घालणं जिवावर बेतू शकतं.

आधी हाताशी आहेत त्या तपासा

मीटर ओहमच्या सर्वांत लहान रेंजवर ठेवा. साध्या मीटरवर ती २०० ओहमची असते. दोन्ही टोकं एकमेकांवर घट्ट दाबा. चांगल्या लीडचा आकडा ०.१ ते ०.३ ओहमच्या आसपास स्थिरावतो. तो अर्ध्या ओहमच्या वर गेला किंवा नाचायला लागला, तर काहीतरी बिघडलं आहे. आता टोकं दाबून धरलेली असतानाच वायर प्लगजवळ वाकवा, हलवा, हलकेच ओढा, मग टोकाच्या प्लॅस्टिकच्या मुठीजवळही तसंच करा. तार बहुधा याच दोन जागी तुटते, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथे येतो. हे एकट्याने करताना हात कमी पडतात, म्हणून टोकं मगर क्लिपने एकत्र धरून ठेवा.

दोघींपैकी कुठली खराब आहे ते शोधायला दुसरा जोड लागत नाही. काळी लीड काढून ठेवा. लाल लीड व्ही-ओहमच्या (VΩ) सॉकेटमध्येच राहू द्या आणि तिचं टोक कॉमच्या (COM), म्हणजे काळ्या लीडच्या, सॉकेटमधल्या धातूला टेकवा. आकडा नीट आला तर लाल चांगली आहे. मग काळी तिच्या जागी लावून तेच करा. मीटर ओहमवर आहे याची खात्री करूनच हे करायचं.

आकडा चांगला आला तरी लीड पास झाली असं समजू नका. वायर बोटांतून सावकाश फिरवत तिची साल बघा. चीर, जळल्याचा डाग किंवा उंदराने कुरतडल्याची खूण दिसली, तर घरच्या विजेसाठी ती लीड बाद झाली. वर टेप गुंडाळून ती परत वापरात आणू नये. काही चांगल्या लीडमध्ये सालीचा आतला थर वेगळ्या रंगाचा असतो. वरचा थर झिजून तो रंग डोकावू लागला की लीड बदलायची वेळ झाली.

प्रत्यक्ष बोर्डावर काम करताना एक नियम कधीही सोडू नका. वीज आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या सॉकेटवर आधी मोजा, तिथे २३० व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. मग जिथे काम करायचं तिथे मोजा. आणि परत त्या पहिल्या सॉकेटवर मोजा. मधल्या वेळात लीड तुटली असेल तर ती या तिसऱ्या मोजणीत सापडते. घाईत लोक नेमकी तीच गाळतात.

नवी घेताना

सुट्या लीड महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. जाताना आपला मीटर बरोबर न्या. दुकानातच प्लग लावून बघता येतो आणि टोकं जोडून, वायर हलवून आकडाही तपासता येतो. पुष्कळ मीटरचं सॉकेट ४ मिलिमीटरचं असतं, तरी प्लगभोवतीच्या प्लॅस्टिकच्या आवरणाची खोली कंपनीगणिक बदलते. त्यामुळे प्लग अर्धाच आत जाऊन अडकला, असं होऊ शकतं. काही जुन्या मीटरमध्ये तर त्या आवरणाला जागाच नसते. अशा वेळी आवरण कापून प्लग बसवणारे लोक आहेत. तसं करू नका. प्लग थोडा जरी बाहेर सरकला तरी उघडा धातू बोटांजवळ येतो, आणि ते आवरण नेमकं यासाठीच दिलेलं असतं.

आता लीडवर छापलेल्या ‘कॅट’ (CAT, म्हणजे वर्ग) या खुणेबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेकजण शेजारचा व्होल्टचा आकडा बघतात आणि ही खूण सोडून देतात. कॅट २ म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं. कॅट ३ म्हणजे घरातली पक्की वायरिंग आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड. कॅट ४ म्हणजे खांबावरून वीज जिथे घरात शिरते, ती मीटरजवळची जागा. व्होल्टेज सगळीकडे तेच असताना वर्ग वेगळे ठेवले, कारण वीज कडाडल्यावर किंवा मोठी मोटर बंद होताना लाइनवर क्षणभर जबरदस्त झटका येतो, आणि त्यामागचं बळ जागेप्रमाणे बदलतं. कॅट २ – १००० व्होल्ट आणि कॅट ३ – ६०० व्होल्ट या दोन्ही वर्गांच्या मीटरची चाचणी ६००० व्होल्टच्या झटक्याने होते. फरक एवढाच की पहिल्या चाचणीत वाटेत १२ ओहमचा अडथळा असतो आणि दुसरीत फक्त २ ओहमचा. ओहमच्या नियमाने हिशेब केला तर एकीकडे ५०० अँपिअर निघतात आणि दुसरीकडे ३०००. म्हणून १००० हा आकडा बघून कॅट २ ची लीड बोर्डावर नेऊ नये. घरकामासाठी कॅट ३ – ६०० व्होल्टच्या खाली जाऊ नका. आणि मीटर व लीड यांत ज्याचा वर्ग कमी, तोच पूर्ण जोडाचा वर्ग धरायचा.

लीडच्या टोकावरची ती छोटी टोपीही सांभाळून ठेवा. कॅट ३ आणि ४ साठी उघडा धातू ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा लागतो, म्हणजे टोक घसरलं तरी दोन पट्ट्या एकदम जोडल्या जात नाहीत. बऱ्याच लीड टोपी लावली तर कॅट ३ मध्ये मोडतात आणि टोपी काढली की कॅट २ मध्ये.

मात्र स्वस्त लीडवरच्या छपाईवरच भरवसा ठेवता येत नाही. वायर हातात घेऊन बघा. स्वस्त मीटरबरोबर येणाऱ्या लीडमध्ये बऱ्याचदा साल जाड आणि तांबं नावापुरतं असतं. तिच्यावर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी तेवढा करंट गेला की ती गरम होते. सिलिकॉनची साल मऊ असते, थंडीत कडक होत नाही आणि सोल्डरिंगचं गरम टोक लागलं तरी वितळत नाही. पीव्हीसीची साल तिथेच वितळून तांबं उघडं पडतं. सिलिकॉनचा एक दोष आहे, धारदार पत्र्यावर घासली की ती पटकन कापली जाते. तरीही निवडायची झाली तर मी सिलिकॉनच घेईन.

स्वतः बनवायच्या असतील तर

घरी बनवलेली लीड २३० व्होल्टवर लावायची नाही. ती बॅटरी, एलईडी, रेडिओचं सर्किट, गाडीची १२ व्होल्टची वायरिंग अशा कामांसाठी. तिथे मात्र ती विकतच्या लीडपेक्षा सरस ठरू शकते. जेल रोडवर मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांना जेवढ्या बारीक जागी टोक टेकवावं लागतं, तिथे जाडजूड प्रोब पोचतच नाही.

सामान थोडंच लागतं: साधारण ०.७५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची सिलिकॉन वायर लाल आणि काळी, ४ मिलिमीटरचे बनाना प्लग, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसणारी नळी), शिवणयंत्राच्या सुया आणि संपलेल्या दोन बॉलपेनांच्या नळ्या.

सुरुवात सुईपासून करा. तिच्यावरच्या चकचकीत मुलाम्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून जाड बाजू सँडपेपरने चांगली घासा. वायरची साल सेंटिमीटरभर सोला. पण जोडण्याच्या आधी वायर पेनाच्या नळीतून ओवून घ्या आणि स्लीव्हही चढवून ठेवा, कारण नंतर ती जात नाही आणि सोल्डर केलेलं सगळं उसवावं लागतं. आता तांब्याच्या तारा सुईभोवती घट्ट गुंडाळा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप) लावा आणि सोल्डर तारांमध्ये मुरेपर्यंत गरम करा. फ्लक्स आम्लाचा असेल तर नंतर जागा पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर काही महिन्यांत सांधा हिरवा पडतो. जोड गार झाल्यावर स्लीव्ह आकसवा, सुई नळीत ओढून घ्या, टोकाचा थोडाच भाग बाहेर ठेवा आणि नळीत एपॉक्सी भरा. वायर जिथून नळीबाहेर पडते तिथे स्लीव्हचे दोन थर द्या, म्हणजे वाकण्याचा ताण एका ठिकाणी येणार नाही.

प्लग स्क्रूचा असेल तर त्यात जाणाऱ्या तारांवर सोल्डर चढवू नका. स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू चेपत जातं आणि पकड ढिली पडते. तारा नुसत्या पिळून, दुमडून घट्ट कसा. प्लग सोल्डरचा असेल तर हा प्रश्न येत नाही.

सुईऐवजी स्प्रिंगची पोगो पिनही लावता येते. पी-७५ जातीची पिन जेमतेम १ मिलिमीटर जाड असते आणि सोल्डरच्या ठिपक्यावर दाबली की स्वतःच दबते, म्हणून हात थोडा हलला तरी संपर्क सुटत नाही. मात्र सुई असो वा पिन, यांच्यातून व्होल्ट आणि ओहम मोजा. अँपिअर मोजायला जाड लीडच हवी.

तयार झालेल्या जोडाची वरचीच हलवाहलवीची चाचणी घ्या.

वापर आणि जपणूक

लीड मीटरभोवती आवळून गुंडाळू नका. मोठा वेढा करून खिळ्याला टांगा. अँपिअर मोजून झाले की लाल प्लग लगेच व्ही-ओहमच्या सॉकेटमध्ये परत आणा. तो १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहिला आणि कुणी टोकं बोर्डाला लावली, तर तो सरळ शॉर्ट होतो, आणि बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला फ्यूजही नसतो.

बाद झालेली लीड ड्रॉवरमध्ये ठेवू नका, कुणीतरी ती चांगली समजून उचलतं. प्लग कापून कामासाठी ठेवा आणि वायरचे दोन तुकडे करून टाका.