घोडेपानी–पून हिल–घांद्रुक : पहिल्या हिमालयीन ट्रेकची तयारी गुडघ्यांपासून

हिमालयात पहिल्यांदाच ट्रेकला जायचं आणि तंबूत झोपायची तयारी नाही, अशांसाठी नेपाळातला हा पाच दिवसांचा ट्रेक सोयीचा आहे. पोखरा शहरापासून जेमतेम ४०-४५ किलोमीटरवर सुरुवात, रोज गुरुंग किंवा मगर लोकांच्या गावात लॉजवर मुक्काम, दोन्ही वेळा गरम जेवण. सर्वात उंच मुक्काम घोडेपानीला, २,८६० मीटरवर. सर्वात उंच जागा पून हिल, ३,२१० मीटर. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. तरीही इथे दम लागून परत फिरणारे थोडे. गुडघे धरून बसणारे खूप, कारण ही वाट म्हणजे दगडी जिना आहे.

पहिल्या दिवशी तिखेढुंग्याहून उल्लेरीला चढताना सव्वातीन हजारांच्या आसपास पायऱ्या लागतात. गिरनार केलेल्यांनी त्याचा एक तृतीयांश धरावा, फक्त पायऱ्या ओबडधोबड आणि कमी-जास्त उंचीच्या. चढ दोन-तीन तासांत संपतो. खरा त्रास चौथ्या दिवशी ताडापानीहून घांद्रुकला उतरताना होतो, तेव्हा मांड्या आधीच थकलेल्या असतात. म्हणून सराव उतरण्याचा करा. निघण्याआधी सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दहा मजली इमारतीचा जिना पाच वेळा चढा आणि दर वेळी चालतच उतरा. लिफ्टने खाली आलात तर निम्मा सराव वाया गेला. शेवटचे तीन आठवडे पाठीवर ५-६ किलो वजन घ्या. पुणेकरांनी रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड करावा आणि उतरताना जीपचा मोह टाळावा.

ऋतू दोनच : ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल. पहिल्यात डोंगर स्वच्छ दिसतात. दुसऱ्यात घोडेपानीच्या जंगलात लालीगुराँस, म्हणजे आपल्याकडे बुरांश म्हणतात तो, झाडभर फुललेला असतो. पण दुपारनंतर ढग, कधी गारा. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर घोडेपानीच्या खोल्या गाइडला आधीच सांगून ठेवायला लावा. पावसाळ्यात जळवा, जानेवारीत पायऱ्यांवर बर्फाचा गुळगुळीत थर. पहिल्या ट्रेकला दोन्ही नकोत.

जायचे दोन रस्ते. विमानाने काठमांडू आणि तिथून सुमारे २०० किलोमीटरवरचं पोखरा. किंवा रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची हद्द ओलांडून भैरहवामार्गे पोखरा. मुंबई-नाशिककडच्यांना कुशीनगर एक्स्प्रेस सरळ गोरखपूरला नेते. व्हिसा लागत नाही, पण १५ ते ६५ वयाच्या माणसाला विमानासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं. आधार कार्डावर विमानतळावरून परत फिरावं लागेल. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. भारतीय नोटा न्यायच्या तर शंभराच्या न्या, आणि वाटेत लागणारी सगळी रोकड पोखऱ्यातच नेपाळी करून घ्या. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. नाहीतर जीप ठरल्या वेळी निघते आणि तुम्ही चहाच घेत असता.

एप्रिल २०२३पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाइड सक्तीचा केला आहे. ठरवताना तीन गोष्टी विचारा : परवान्याचं कार्ड दाखवाल का, सांगितलेल्या पैशांत गाइडचं जेवण-राहणं आणि विमा धरला आहे का, आणि परमिट कोण काढणार. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं परमिट सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपयांना मिळतं. त्यासाठी फोटो आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. टिम्स कार्ड (ट्रेकर्सची नोंद ठेवणारं कार्ड) लागेल का, ते गाइड देणाऱ्या एजन्सीला विचारा. सामान जास्त असेल तर दोघांत एक पोर्टर करा, पण त्याच्या पाठीवर दोघांचं मिळून २० किलोच्या वर चढवू नका. ‘आम्ही पैसे देतोय’ म्हणून तीन सॅक एकावर एक बांधणारे ग्रुप दिसतात. तसं करू नका.

स्वतःची पिशवी ६-७ किलोची पुरे. गरम कपड्यांत एक फ्लीस, एक फुगीर जॅकेट, टोपी, हातमोजे. पॉन्चो (सॅकवरूनही घालता येणारा सैल रेनकोट), हेडलॅम्प, आत शिरून झोपायला चादरीची शिवलेली खोळ (रजई लॉजवाला देतो, ती कधी धुतली हे विचारू नये). वाटेत चघळायला चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू. बूट नवे नकोत, किमान ५० किलोमीटर चाललेले हवेत. मोजा घालून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. उतार सुरू होण्याआधी बसून लेस पुन्हा बांधा : टाच मागे ठोकून बसवा, घोट्याजवळची लेस घट्ट, बोटांवरची सैल. हे केलं नाही तर प्रत्येक पायरीला अंगठा पुढे आपटतो आणि घरी येईपर्यंत नख काळं पडतं. काठ्या दोन घ्या. चढताना कोपर काटकोनात राहील एवढी लांबी, उतरताना ५ सेंटिमीटर जास्त.

पहिला दिवस : पोखऱ्याहून नयापूल, पुढे जीपने तिखेढुंगा, मग पायऱ्या चढून उल्लेरी. जीप उल्लेरीपर्यंतही जाते. गुडघा आधीच दुखत असेल तर ती घ्या, नाहीतर पायऱ्या सोडू नका. पन्नास पायऱ्या, मग तीस श्वास उभं राहून, पुन्हा पन्नास. हा ताल पहिल्या दहा मिनिटांपासूनच धरायचा. गाइड ‘बिस्तारै’, म्हणजे हळूहळू, म्हणत राहील. वाटेत खच्चरांची रांग आली की डोंगराच्या अंगाला उभं राहा, दरीच्या अंगाला कधीही नाही. खच्चराला आपल्या पाठीवरच्या ओझ्याची रुंदी कळत नाही, सिलिंडरचा एक धक्का पुरतो.

दुसरा दिवस उल्लेरी ते घोडेपानी, चार-पाच तास, बराचसा जंगलातून. गाइड ज्याला ‘नेपाळी फ्लॅट’ म्हणतो तो थोडा चढ आणि थोडा उतार असतो, सपाट काहीच नसतं. इथे २,५०० मीटरची उंची ओलांडतो. त्यानंतर डोकं दुखलं तर पाणी, जेवण आणि विश्रांती. सोबत उलटी, तोल जाणं असं काही दिसलं तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. हा निर्णय गाइडवर सोडा आणि त्याच्यापासून लक्षणं लपवू नका. दिवसाला तीन लिटर पाणी पोटात जायला हवं. नळाचं पाणी भरून क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी बर्फासारखं गार असेल तर आणखी थोडं.

लॉजची खोली स्वस्त असते, कारण मालकीण कमाई स्वयंपाकघरातून करते. म्हणून जिथे झोपाल तिथेच जेवा. पोचल्याबरोबर रात्रीचं जेवण सांगा आणि सगळ्यांनी एकच सांगा. आठ जणांनी आठ पदार्थ मागवले की चुलीवर एकामागून एक तवे चढतात आणि शेवटचा माणूस नऊला जेवतो. डाळ-भात सांगितलात तर डाळ, भात, भाजी पुन्हा वाढतात. आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा गुंद्रुक मिळाला तर नक्की घ्या. गरम पाण्याची अंघोळ आणि मोबाइल चार्जिंगचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे पडतात.

तिसऱ्या दिवशी पहाटे पून हिल. साडेचार-पावणेपाचला निघायचं, ३५० मीटरचा चढ, पाऊण ते एक तास. इथली ठरलेली चूक म्हणजे लॉजमधूनच जाड जॅकेट घालून निघणं. वीस मिनिटांत अंग घामेजतं आणि वर वाऱ्यात तोच घाम गारठतो. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. जॅकेट पिशवीत ठेवा आणि माथ्यावर पोचल्यावर चढवा. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. समोर पश्चिमेकडे ८,१६७ मीटरचा धौलागिरी, मध्ये अन्नपूर्णा साउथ, उजवीकडे माच्छापुच्छ्रे. हा ६,९९३ मीटरचा माशाच्या शेपटीसारखा डोंगर पवित्र मानतात, त्यावर चढाईला परवानगी नाही.

खाली येऊन नाश्ता, आणि त्याच दिवशी देउरालीमार्गे ताडापानी, पाच-सहा तास. आज दिवस लांबतो, म्हणून पून हिलवर फोटोंत साडेसातच्या पुढे रेंगाळू नका. आणखी एक गोंधळ : बानठांटी नावाची ठिकाणं या वाटेवर दोन आहेत, एक उल्लेरीच्या पुढे आणि एक ताडापानीच्या अलीकडे. मागे राहिलेल्या मित्राला फोनवर ‘बानठांटीला भेटू’ एवढंच सांगू नका.

चौथा दिवस उताराचा. काठी आधी खालच्या पायरीवर टेका, मग गुडघा किंचित वाकवून पाय ठेवा. ताठ पायाने उडी मारत उतरलात की रात्री गुडघा सुजतो. तीन-चार तासांत घांद्रुक येतं. पाटीच्या दगडांची छपरं, अंगणात वाळत घातलेला मका, गुरुंगांचं छोटं संग्रहालय. दुपार गावात फिरण्यासाठीच ठेवा. घराचा किंवा म्हाताऱ्या माणसांचा फोटो काढण्याआधी ‘दिदी’ (ताई), ‘दाइ’ (दादा) अशी हाक मारून विचारा.

पाचव्या दिवशी किम्च्यापर्यंत तासाभराचा उतार, तिथून जीपने पोखरा. गाइड आणि पोर्टरची बक्षिसी आदल्या रात्रीच वेगवेगळ्या पाकिटांत, ज्याची त्याच्या हातात द्या. जीप सुटायच्या गडबडीत सगळे पैसे एकाकडे गेले की पोर्टरचा वाटा कमी होतो.