न्यूयॉर्कची मीटिंग पुण्यात तासभर सरकते तेव्हा: वेळ साठवायची कशी?

न्यूयॉर्कला दर मंगळवारी सकाळी १० वाजता मीटिंग. पुण्यात तेव्हा जानेवारीत रात्रीचे ८:३० वाजलेले असतात, जुलैत ७:३०. आपलं घड्याळ बाराही महिने यूटीसीच्या, म्हणजे जगभरच्या घड्याळांसाठी प्रमाण मानलेल्या वेळेच्या, साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्कचं हिवाळ्यात ५ तास मागे, उन्हाळ्यात ४.

घडून गेलेल्या गोष्टी, म्हणजे लॉग, पेमेंट, लॉगिन, खुशाल यूटीसीत साठवा. पुढे ठरलेल्या मीटिंगला मात्र हा नियम लावू नका. 'सगळं यूटीसीत टाका' हा सल्ला इथेच फसतो, कारण माणसांनी ठरवलेले असतात तिथले दहा. तीन कॉलम करा: स्थानिक तारीख-वेळ, झोनचं नाव (अमेरिका/न्यू_यॉर्क) आणि रिमाइंडरसाठी काढलेली यूटीसी वेळ. तिसरा कॉलम कधीही पुन्हा काढता आला पाहिजे. पोस्टग्रेस या डेटाबेसचा 'टाइमस्टँप विथ टाइमझोन' हा प्रकार नावाप्रमाणे झोन ठेवत नाही, त्यामुळे झोनला वेगळा टेक्स्ट कॉलम लागतोच. नावाच्या जागी 'उणे ४' लिहिलंत तर नोव्हेंबरात चुकेल. 'आयएसटी' तर लिहूच नका. भारत, इस्रायल, आयर्लंड तिघेही ती अक्षरं वापरतात.

आता अवघड दोन रात्री. ८ मार्च २०२६ ला न्यूयॉर्कचं घड्याळ पहाटे २ वरून थेट ३ वर जातं, म्हणजे तिथे २:३० वाजतच नाहीत. १ नोव्हेंबरला रात्रीचा दीड दोनदा वाजतो: भारतात सकाळचे ११ असताना एकदा आणि दुपारी १२ ला पुन्हा. पायथनच्या झोनइन्फो या टाइमझोन मॉड्यूलमध्ये 'फोल्ड' ० दिला की पहिला दीड, १ दिला की दुसरा. मार्चच्या अडीचला मात्र तो एरर देत नाही. ती वेळ यूटीसीत नेऊन परत आणा; वेगळी आली तर समजा, ती वेळ नव्हतीच. रात्री १ ते ३ मध्ये बॅकअप, बिलिंग लावायचंच असेल तर सर्व्हर यूटीसीवर ठेवा, नाहीतर काम एकदा गळेल किंवा दोनदा चालेल.

नियम सरकारं बदलतात, तेही ऐनवेळी. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनने घड्याळ पुढे करणं लांबवलं आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला. म्हणून टीझेडडेटा, म्हणजे जगभरच्या झोनच्या नियमांचा डेटा, अपडेट करत राहा. जावाची प्रत ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा वेगळी असते, तीही बघा. मग सर्व्हिस रीस्टार्ट करून तिसरा कॉलम नव्याने काढा. ही पायरी विसरली, तर डेटा नवा असूनही रिमाइंडर जुन्याच वेळेला वाजतात.