वाघबीळ चढताना गाडी लीन का जायची

माझ्या जुन्या हॅचबॅकला नंतर टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि वेगळा ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर) बसवलाय. गावात गाडी लोण्यासारखी. पण कोल्हापूरजवळच्या वाघबीळच्या चढाला बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, ०.८ बारला पोचला की वाइडबँडवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) ११.८ ऐवजी १३.८ दिसायचं, म्हणजे गाडी लीन, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. आणि पाठोपाठ नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याचा, खडखडाट. पाय लगेच उचलायचा, दुसरं काय!

दोन रविवार लॅपटॉपवर मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूच्या पेट्रोलच्या तक्त्यात, त्या बूस्टच्या खान्यांत पेट्रोल वाढवत बसलो. शुद्ध गाढवपणा. एकदा जमायचं, पुढच्या फेरीला परत बिघडायचं.

शेवटी उद्यमनगरातले मिस्त्रीमामा म्हणाले, "लॅपटॉप मिट की लगा आधी. रेलवर प्रेशर गेज लाव." रेल म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी. लावला. इंजिन बंद, पंप चालू, ३ बार. रेग्युलेटर बूस्ट वाढेल तसा पेट्रोलचा दाब वाढवतो; बूस्ट त्याला एका बारीक नळीतून कळतो. त्या नळीत सायकलच्या पंपानं हवा भरली. काटा तेवढाच वर चढायला हवा होता. जागचा हलला नाही. उलट फुस्स आवाज आला. निपलजवळ झिपटायखाली नखाएवढी चीर. व्हॅक्यूममध्ये (बूस्ट नसताना इंजिन हवा ओढतं तेव्हा) ती मिटून जायची, बूस्टमध्ये उघडायची.

म्हणजे बूस्टमध्ये रेलवर ३ बारच, त्याला समोरून ०.८ बूस्टचा विरोध; इंजेक्टरला ३ च्या जागी २.२ बारच दाब मिळत होता. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो, म्हणजे पेट्रोल जवळपास १४ टक्के कमी. हिशेब १३.८ शी तंतोतंत जुळला, तेव्हा कपाळाला हात लावला.

जाड सिलिकॉनची नळी घातली, क्लिप मारली, मॅप जुन्या फाइलवर नेला. आता चढाला ११.७–११.९. मामांनी नळीचे पैसे घेतले, मजुरी म्हणून नुसता चहा.